खोटे आणि खून : एका खटल्याच्या लोकचर्चेचे वाचन

१

एखाद्या खटल्याविषयी लोकांत चालणारी चर्चा हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या आरंभीच कोणी उपस्थित केला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. समीक्षेचे क्षेत्र साहित्यकृती. खटल्याचे क्षेत्र न्यायालय. परंतु चर्चा म्हणजे अखेर निवेदन असते. कोणीतरी कोणालातरी काही घडल्याची हकीकत सांगत असतो, घटनांचा क्रम लावत असतो, पात्रांना हेतू बहाल करत असतो आणि शेवट ठरवत असतो. या सगळ्या क्रिया आपल्या अभ्यासाच्या आहेत. त्या जेथे घडतात तेथे समीक्षकाला काही म्हणण्याचा अधिकार पोचतो. त्या क्रियांवर कोणाचे तरी आयुष्य अवलंबून असेल, तर हा अधिकार जबाबदारीचेही रूप घेतो.

२५ ऑगस्ट २०१५ रोजी खार पोलिसांनी इंद्राणी मुखर्जी यांना अटक केली. शीना बोरा या तरुणीचा २४ एप्रिल २०१२ रोजी खून झाला, मे २०१२ मध्ये रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात सापडलेले अवशेष तिचेच होते आणि हा खून इंद्राणी यांनी इतरांच्या साहाय्याने केला, असे अभियोगपक्षाचे म्हणणे. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, वाहनचालक माफीचा साक्षीदार झाला आणि २०१७ पासून विशेष न्यायालयात साक्षी सुरू झाल्या. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंद्राणी यांना जामीन दिला, तेव्हा त्यांच्या कोठडीला साडेसहा वर्षे होऊन गेली होती आणि खटला अपुराच होता. आरोप त्यांनी सातत्याने नाकारला आहे. येथे त्यांचा विचार केवळ आरोपी म्हणून केला आहे. त्यापलीकडे जाणारे कोणतेही गृहीत या लेखात नाही. लेखाचा विषय त्यांचे कृत्य हा नाही. आपले वाचन हा आहे.

२०१५ च्या त्या पावसाळ्यात उपनगरी गाडीच्या महिला डब्यात, मुलुंड ते दादर या पट्ट्यात, कोणतेही चार चेहरे एकत्र आले की ज्या वाक्याने चर्चेला तोंड फुटे ते वाक्य खुनाविषयीचे नव्हते. ते होते, ‘बहीण म्हणून सांगत होती, निघाली मुलगी.’ याच वाक्याने माझ्या एम. ए. च्या वर्गात त्या आठवड्यातील तासाची सुरुवात झाली. कथनमीमांसा शिकवत असल्याने मी विद्यार्थ्यांना सहज विचारले, की खून झाला हे तुम्हांला कशावरून समजले. उत्तर आले, ‘मॅडम, जी इतकी वर्षे पोटच्या मुलीला बहीण म्हणाली, ती काय करणार नाही?’ वर्गात कोणालाही हे उत्तर खटकले नाही. मलाही ते त्या क्षणी खटकले नाही, हे येथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. घरी परतताना घाटकोपरच्या आसपास ते खटकू लागले. त्यातून उद्भवलेला विचार आजवर पुरला आहे.

२

विद्यार्थ्याच्या त्या उत्तराची रचना तपासून पाहण्यासारखी आहे. त्यात तीन पायऱ्या आहेत. आरोपी खोटे बोलली, ही पहिली. जी खोटे बोलते ती ‘तशी’ आहे, ही दुसरी. जी ‘तशी’ आहे तिने हे केले, ही तिसरी. पहिली पायरी वस्तुस्थितीची आहे. ती पुढे स्वतः इंद्राणी यांनीही नाकारलेली नाही. तिसरी पायरी सिद्ध व्हायची आहे. दोहोंना जोडणारी दुसरी पायरी मात्र ना वस्तुस्थितीची आहे ना पुराव्याची. ती स्वभावचित्रणाची, म्हणजे निखळ साहित्यिक स्वरूपाची पायरी आहे. आपण कादंबरी वाचताना पात्राच्या एका कृतीवरून त्याचा स्वभाव आणि स्वभावावरून पुढची कृती जशी जुळवतो, तशीच ही जुळवणी.

वेन बूथ यांनी १९६१ साली ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना मांडली, तेव्हा तिच्यामागे एक अट होती. निवेदक अविश्वसनीय आहे हे वाचकाला कळते, कारण निवेदकाच्या पाठीमागे गर्भित लेखक उभा असतो. निवेदक जे दडवतो ते या लेखकाने संहितेत अन्यत्र पेरून ठेवलेले असते. म्हणजे कथेतील खोटे हे नेहमी कोणीतरी जाणतेपणाने मांडलेले खोटे असते, आणि म्हणूनच त्याचा उलगडा संहितेतच सापडतो. खटल्याला असा गर्भित लेखक नसतो. तेथे एकमेकांना छेदणारी अनेक निवेदने असतात आणि त्यांच्या पाठीमागे सर्व जाणणारा कोणीही नसतो. लोकचर्चा नेमकी हीच रिकामी जागा बळकावते. ती स्वतःच गर्भित लेखक होते आणि मग निवेदकाचे प्रत्येक खोटे हे आपण पेरलेल्या उत्तराकडे नेणारी खूण आहे, अशा भरवशाने वाचू लागते.

रोलाँ बार्त यांनी ‘मिथॉलॉजीज’मध्ये (१९५७) दोमिनिची खटल्यावर एक टिपण लिहिले आहे, त्याची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. दक्षिण फ्रान्समध्ये १९५२ साली एका इंग्रज कुटुंबाची हत्या झाली आणि १९५४ साली गास्तों दोमिनिची या वृद्ध शेतकऱ्याला मृत्युदंड सुनावण्यात आला. बार्त यांचा आक्षेप असा, की न्यायासनाने त्या म्हाताऱ्याचे मन प्रत्यक्षात जाणून घेतलेच नाही. शालेय साहित्यातून आलेले एक तयार मानसशास्त्र त्याच्यावर चढवले आणि त्या मनाला शिक्षा केली. बार्त यांनी साहित्याची ही सत्ता न्यायालयात पाहिली. आपल्या उदाहरणात ती न्यायालयाबाहेर, गाडीच्या डब्यात, दूरचित्रवाणीवर आणि वर्गातही दिसते. मात्र बार्त यांच्यापाशी थांबून चालणार नाही. कारण आपल्याकडील न्यायपरंपरेने खोटे आणि खून यांचा संबंध काय, या प्रश्नाचा स्वतंत्रपणे आणि काटेकोर विचार केलेला आहे. त्याकडे मराठी समीक्षेने अद्याप पुरेसे पाहिलेले नाही.

३

१९५९ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण म्हणावे लागेल. त्या वर्षी दोन खटल्यांत दोन परस्परविरुद्ध निवेदक समाजापुढे उभे होते. पहिला, नौदल अधिकारी कावस नानावटी. २७ एप्रिल १९५९ रोजी त्यांनी मुंबईत पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या आणि स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. ‘ब्लिट्झ’ने त्यांची बाजू लावून धरली आणि लोकमत त्यांच्यामागे उभे राहिले. पुढे उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती शिक्षा कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली. गोळी कोणाच्या हातातील पिस्तुलातून सुटली हे कोणालाच अज्ञात नव्हते. तरीही लोकचर्चेने त्यांना जवळ केले. कारण त्यांच्या निवेदनाची शैली तिला भावली. पळून न जाणारा, गणवेशातला, सरळ बोलणारा पुरुष. लोकचर्चेचा निकाल कृत्यावर नव्हता, तो निवेदकावर होता.

दुसरा निवेदक, पुण्याचे डॉ. अनंत चिंतामण लागू. लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवेचे ते कौटुंबिक वैद्य आणि विश्वासू. तिच्याच घरात राहणारे. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री ते तिला वैद्यकीय सल्ल्यासाठी म्हणून पॅसेंजर गाडीने मुंबईस घेऊन निघाले. सकाळी बोरीबंदरला गाडी लागली तेव्हा ती बेशुद्ध होती. तिला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे डॉक्टरांनी तिचे नाव लक्ष्मीबाई कर्वे असे सांगितलेच नाही. माहेरच्या नावाशी मिळतेजुळते दुसरेच नाव नोंदवले गेले. त्याच दिवशी दुपारपूर्वी ती गेली. नातलगांना कळवण्यात आले नाही आणि देह बेवारस ठरला. या शब्दातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जिच्या मालमत्तेला वारस होते, जिच्या मालमत्तेवर डोळा होता, ती बाई शवागारात बेवारस झाली.

यानंतर जे घडले ते कोणाही कथनमीमांसकाला अस्वस्थ करील. लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रे येऊ लागली. आपण यात्रेला गेलो, पुढे जोशी नावाच्या गृहस्थाशी विवाह केला, जयपूरजवळ राठोडी नावाच्या गावी स्थायिक झालो, आता शोध घेऊ नये, अशा आशयाची. म्हणजे मृत स्त्री प्रथमपुरुषी निवेदन करू लागली. तिला नवा नवरा मिळाला, नवे गाव मिळाले, विधवेच्या आयुष्यात सुखान्त आला. आणि दरम्यान तिची मालमत्ता डॉक्टरांकडे वळत राहिली. मराठी सामाजिक कादंबरीने विधवा-पुनर्विवाहाचे जे कथानक दीर्घकाळ रचत आणले, त्याचा इतका विदारक उपयोग अन्यत्र आढळणार नाही. बनावट पत्रे पटण्याजोगी वाटली, याचे एक कारण ते कथानक वाचकांच्या मनात आधीच तयार होते, हे असावे.

शवपरीक्षेत विष सापडले नाही. सारा पुरावा परिस्थितिजन्य. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने शिक्षा कायम केली. बहुमताचा निर्णय न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला, न्या. सरकार यांनी भिन्नमत नोंदवले. समीक्षकाच्या दृष्टीने या निर्णयातील महत्त्वाची गोष्ट ही, की बहुमताने डॉक्टरांच्या खोटेपणाचा वापर स्वभावाचा दाखला म्हणून केलेला नाही. खोट्या नावाने काय साधले, नातलगांपासून मृत्यू लपवल्याने काय साधले, पत्रांनी काय साधले, असे प्रत्येक खोट्याचे कार्य पाहिले गेले. ती सर्व कार्ये एकाच दिशेने जातात आणि ती दिशा मृत्यूपूर्वीच ठरलेली दिसते, असा तो युक्तिवाद होता. भिन्नमताला मात्र हा संपूर्ण परिस्थितिसमूहदेखील अनैसर्गिक मृत्यू निःसंशय सिद्ध करण्यास अपुरा वाटला. इतक्या लख्ख, इतक्या योजनाबद्ध फसवणुकीपुढेही एक न्यायाधीश ‘खोटे सिद्ध झाले, खून झाला काय?’ असे विचारू शकतात, ही गोष्ट आपल्या चर्चापद्धतीला नम्र करणारी आहे.

४

हा प्रश्न तत्त्वरूपाने सुटला तो १९८४ साली, पुण्याच्याच आणखी एका प्रकरणात. मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा जून १९८२ मध्ये सायनाइडने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला मृत्युदंड दिला, उच्च न्यायालयाने तो कायम केला. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याचे पाच निकष न्या. फजल अली यांनी येथे घालून दिले आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. आपल्या विषयाशी निगडित असा मुद्दा त्यालगत येतो. आरोपीचे खोटे स्पष्टीकरण ही पुराव्याच्या साखळीतील एक जादा कडी होऊ शकते, पण केव्हा? साखळी आधीच पूर्ण असेल तेव्हा. तुटलेली साखळी खोट्याने सांधता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याने सांधली होती ती नेमकी अशीच.

तथापि हे प्रकरण येथेच सोडणे सोयीचे असले तरी न्याय्य होणार नाही. मंजुश्रीने आपल्या बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. लक्ष्मीबाईंच्या नावाने आलेली पत्रे तिची नव्हती. ही पत्रे मंजुश्रीची होती. ती निरनिराळ्या पातळ्यांवरील न्यायासनांनी वाचली, आणि त्याच मजकुरातून भिन्न अर्थ निघाले. ज्या व्यथेत एका वाचनाला छळ आणि धोका दिसला, तिच्यातच दुसऱ्या वाचनाला आत्महत्येची शक्यता दिसली. संहिता एकच, अन्वयार्थ दोन, आणि लेखिका खुलासा करण्यास हयात नाही. लेखकाच्या मृत्यूची चर्चा आपण वर्गात करतो ती केवढ्या निर्धास्तपणे करतो, याची जाणीव ही पत्रे करून देतात.

पुण्यातील स्त्रियांनी या मृत्यूनंतर जी चर्चा उभी केली तीही लोकचर्चाच होती. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन उभे केले आणि त्या चळवळीतून नारी समता मंच आकाराला आला. शीर्षकातील व्याकरण पाहावे. त्यात आरोपी नाही, त्याचे खोटे नाही. मृत स्त्री आहे आणि तिच्या जागी स्वतःला ठेवणारी प्रथमपुरुषी वाचक स्त्री आहे. जे कायद्याच्या भाषेत सिद्ध होऊ शकले नाही ते, म्हणजे सासरच्या घरात स्त्रीचे एकटे पडणे, या चर्चेने बोलण्याच्या कक्षेत आणले. तेव्हा लोकचर्चा सरसकट उथळ आणि न्यायालय तेवढे गंभीर, अशी विभागणी टिकत नाही. फरक आहे तो चर्चा कोणाभोवती रचली जाते यात.

५

या पार्श्वभूमीवर उपनगरी डब्यातील त्या वाक्याकडे परत जाऊ. ‘बहीण म्हणून सांगत होती, निघाली मुलगी.’ आपल्या अलंकारशास्त्रात अपह्नुती नावाचा अलंकार आहे. त्यात प्रस्तुत वस्तूचा निषेध करून तिच्या जागी दुसरीची स्थापना केली जाते : हा चंद्र नव्हे, अमुक होय. ‘ही मुलगी नव्हे, बहीण होय’ या विधानाचे रूप अपह्नुतीचे आहे. मात्र अलंकारात निषिद्ध वस्तू श्रोत्याला दिसत असते. चंद्र डोळ्यांपुढे असतो म्हणूनच नाकारण्यात चमत्कृती असते. फसवणुकीत निषिद्ध वस्तू श्रोत्यापासून दडवलेली असते. २०१५ मध्ये दडलेले उघड झाले आणि श्रोत्यांना, उशिरा का होईना, अपह्नुतीचा आस्वाद मिळू लागला. चर्चेतील त्या उत्साहाचे एक कारण हे आस्वादाचे आहे, असे मला वाटते. नातेवाचक शब्द बदलण्याची चमत्कृती इतकी प्रबळ ठरली, की तिने मृत्यूला झाकून टाकले.

लागू प्रकरणातील बहुमताची पद्धत येथे लावून पाहिली, तर इंद्राणी यांच्याशी निगडित खोट्यांचे निदान दोन वर्ग करावे लागतात. एक नात्याचे खोटे. ते कथित खुनाच्या कितीतरी आधीचे, प्रतिष्ठेशी जोडलेले. त्याचे कार्य श्रोत्यांच्या नीतिकल्पनांशी निगडित आहे. ज्या समाजात स्त्रीने आपले पूर्वायुष्य पुसल्याशिवाय तिला दिवाणखान्यात जागा मिळत नाही, त्या समाजाच्या संमतीनेच असे खोटे तग धरते. दुसरे अनुपस्थितीचे खोटे. शीना अमेरिकेला गेली आहे असे एप्रिल २०१२ नंतर भासवण्यात आले, हा अभियोगपक्षाचा आरोप. हा आरोप सिद्ध झाला तर त्याचा कृत्याशी संबंध असू शकतो, कारण लक्ष्मीबाईंच्या ‘राठोडी’चे जे कार्य होते तेच या ‘अमेरिके’चे ठरेल. पुराव्याच्या दृष्टीने दुसऱ्या वर्गाचे महत्त्व अधिक. लोकचर्चेने मात्र आपला सारा भर पहिल्या वर्गावर दिला. कारण दुसरे खोटे फक्त एखादे कृत्य लपवील. पहिले खोटे ‘आई’ या शब्दाला धक्का देते. नानावटींना ज्या न्यायाने लोकांनी सोडले त्याच न्यायाने येथे धरले. निकाल पुन्हा निवेदकावर लागला.

पुढे २०२१ च्या अखेरीस शीना जिवंत असून काश्मीरमध्ये दिसल्याचा दावा इंद्राणी यांनी तपासयंत्रणेला पत्राने कळवला, २०२३ मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि २०२४ मध्ये त्यांच्यावरील माहितीपटमालिका मुंबई उच्च न्यायालयाने अडवण्यास नकार दिल्यावर प्रदर्शित झाली. आरोपीला आपली बाजू सांगण्याचा हक्क आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु परिणाम असा झाला, की जी चर्चा आरंभी आरोपीच्या खोट्यावर उभी होती ती आता आरोपीच्या आत्मनिवेदनावर उभी राहिली. निंदा असो वा कुतूहल, केंद्र तेच राहिले.

या केंद्रापासून दूर जी राहिली तिच्याविषयी दोन शब्द. पेण तालुक्यातील त्या अवशेषांना अभियोगपक्षाने नाव दिले ते तीन वर्षांनी. लक्ष्मीबाई रुग्णालयात दुसऱ्याच नावाने मेली. या दोन्ही ठिकाणी फसवणुकीचा पहिला बळी नाव आहे. आणि लोकचर्चा जेव्हा ‘बहीण की मुलगी’ एवढाच प्रश्न विचारते, तेव्हा तीही मृत तरुणीला कोणाची तरी कोणीतरी म्हणूनच ओळखते. तिचे स्वतःचे असे काही वाक्य त्या चर्चेत नाही. मंजुश्रीची पत्रे तरी होती. ‘मी एक शीना’ असे म्हणणारे प्रदर्शन उपनगरांत कोणी भरवले नाही, आणि ते का भरले नाही याचे उत्तर आरोपीच्या स्वभावात शोधता येणार नाही. ते आपल्या वाचनसवयींत शोधावे लागेल.

६

या विवेचनातून समीक्षेच्या पदरात काय पडते? एक तर असे, की खोटे हे विधान जितके ‘काय दडवले’ याविषयी असते तितकेच ‘कोणापासून आणि कशासाठी’ याविषयीही असते. त्याचे कार्य न पाहता त्याला स्वभावाचा आरसा मानणे हे कच्चे वाचन होय. कथेत असे कच्चे वाचन केल्यास फार तर एखादी कादंबरी चुकीची कळेल. दुसरे असे, की कायदा आणि समीक्षा ही दोन क्षेत्रे वाचनाच्या पातळीवर एकमेकांना शिकवू शकतात. ‘पंचशीला’तील संयम आपण स्वभावचित्रणाच्या चर्चेत आणला, तर पात्रांविषयीची आपली अनेक ठाम विधाने डळमळीत होतील, आणि ते इष्टच होईल.

त्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी मी एवढेच सुचवले, की त्याने आपले वाक्य पुन्हा लिहावे, पण त्यात ‘ती’ हे सर्वनाम इंद्राणीसाठी न वापरता शीनासाठी वापरावे. त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिले. मग तो म्हणाला, ‘तिच्याविषयी तर मला काहीच माहीत नाही.’ त्या तासाला एवढे कळले तरी पुष्कळ झाले.